स्टर्लिंग हेडन: तोंड उघडल्यानंतरची ३५ वर्षे

चौथी रांग (धागाकर्ता)

'गॉडफादर' पाहिलेल्या प्रत्येकाने हा माणूस पाहिलाय. आधी मायकेल कॉर्लिओनेचा जबडा फोडणारा, मग त्याच्याच समोर इटालियन खानावळीत निवांत जेवायला बसणारा आणि जेवतानाच गोळी खाणारा लाचखाऊ पोलीस कॅप्टन मॅक्लस्की. तो स्टर्लिंग हेडन. तेव्हा वय ५६ च्या आसपास. त्याच्या तीस वर्षं आधी पॅरामाउंट कंपनीने याच माणसाची जाहिरात 'सिनेमातला सर्वात देखणा पुरुष' अशी केली होती, हे त्या जाड्याभरड्या कॅप्टनकडे बघून कुणाला पटायचं नाही.

मागे इथे जुन्या गुन्हेपटांवर धागा निघाला होता. त्यात हेडनचं नाव दोनदा आलं आणि दोन्ही वेळा चर्चा त्या काळचा बडा नट हम्फ्री बोगार्टकडे गेली. त्याचं नेहमी असंच होतं. म्हणून हा स्वतंत्र धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

जन्म २६ मार्च १९१६, न्यू जर्सीतलं अपर मॉन्टक्लेअर. वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले. आईने दुसरं लग्न केलं, सावत्र वडिलांचं हेडन हे आडनाव लागलं. सावत्र वडिलांचे व्यवहार कायम उधारीचे, त्यामुळे बिऱ्हाड न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरून या गावातून त्या गावात. मेन राज्यातल्या बंदरांत पोराला समुद्राचं वेड लागलं. शाळा अर्धवट सोडून तो शिडाच्या जहाजावर चढला. ग्रँड बँक्सवर मासेमारी केली, 'यांकी' नावाच्या स्कूनरवरून (शिडाच्या जहाजाचा एक प्रकार) पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २२ व्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरातून एक जहाज स्वतः कप्तान म्हणून ताहितीला नेऊन पोचवलं. २२ व्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात पोरगं दुसऱ्यांदा एमपीएससीचा फॉर्म भरत असतं.

१९३८ साली ग्लॉस्टरची 'थेबॉ' आणि कॅनडाची 'ब्लूनोज' यांच्यात मच्छीमार जहाजांची गाजलेली शर्यत झाली. हेडन 'थेबॉ'वर होता. शर्यत 'ब्लूनोज'ने जिंकली, पण बोस्टनच्या वर्तमानपत्राला हा साडेसहा फुटांच्या घरातला सोनेरी केसांचा खलाशी दिसला आणि त्यांनी 'हा तर सिनेमातला हिरो शोभेल' अशा थाटात फोटो छापला. १९४० मध्ये पॅरामाउंटचा करार झाला. अभिनयाचा अनुभव शून्य. त्याला पैसे हवे होते, कारण त्याला जहाज घ्यायचं होतं. पुढच्या सगळ्या कारकिर्दीची गुरुकिल्ली हीच, की सिनेमा करायचा तो जहाजासाठी.

पहिला चित्रपट 'व्हर्जिनिया' (१९४१), नायिका मॅडलिन कॅरॉल. हिचकॉकच्या 'द थर्टी नाइन स्टेप्स'मधली. दोघांनी पुढे लग्नच केलं. दुसरा चित्रपट झाला आणि दोन चित्रपटांतच कंटाळून हा गडी निघून गेला. नाव बदलून, जॉन हॅमिल्टन या नावाने, मरीन दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. तिथून ओएसएस, म्हणजे सीआयएची पूर्वज असलेली गुप्तहेर संघटना. दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरून, जर्मनांच्या नाकाखालून, एड्रियाटिक समुद्र ओलांडून युगोस्लाव्हियात जर्मनांशी लढणाऱ्या टिटोच्या कम्युनिस्ट पार्टिझन सैनिकांना दारूगोळा आणि रसद पोचवायची हे काम. पुन्हा जहाजंच. अमेरिकेने सिल्व्हर स्टार दिला, टिटोच्या सरकारनेही पदक दिलं.

आता खरी गोष्ट. पार्टिझन लोकांनी तो भारावून गेला. पोटाला नाही, पायात धड बूट नाहीत आणि तरी लढतायत. परत आल्यावर १९४६ च्या जूनमध्ये तो अमेरिकन कम्युनिस्ट पक्षात दाखल झाला. डिसेंबरात बाहेर पडला. अवघे सहा महिने. काम काय दिलं होतं, तर स्टुडिओ कामगारांच्या संपाच्या बाजूने नट-संघटनेला वळवायचं. समोर विरोधात कोण उभा, तर रोनाल्ड रेगन. हेडननेच पुढे साक्षीत सांगितलं की रेगन म्हणजे एकट्याची एक पलटण होता.

१९४७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या 'अमेरिकाविरोधी कारवाया' चौकशी समितीने हॉलिवूडकडे मोर्चा वळवला. निषेध करायला बोगार्ट, बकॉल, जॉन ह्यूस्टन, डॅनी के वगैरे मंडळी विमानाने वॉशिंग्टनला गेली, त्या विमानात हेडनही होता. तिथे साक्ष द्यायला नकार देणारे दहा जण पुढे तुरुंगात गेले. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. हेडनला धास्ती, राखीव दलातला अधिकारी म्हणून आपल्याला बोलावतील, जुनं प्रकरण निघेल. त्यात घटस्फोट झालेला, दुसरा संसार मांडलेला, मुलं लहान. त्याच्या वकिलाने एफबीआयचा प्रमुख हूव्हर याला पत्र लिहिलं, अशिलाचं नाव न घालता. उत्तर आलं की स्थानिक कचेरीत येऊन सांगा. तो गेला, सगळं सांगून आला. त्याला वाटलं सुटलो. पण समितीचं समन्स आलंच.

१० एप्रिल १९५१. हेडन समितीपुढे बसला. पक्षात जाणं ही आपण आयुष्यात केलेली सर्वात मूर्ख आणि अडाणी गोष्ट होती असं म्हणाला, आणि पक्षातल्या ओळखीच्या लोकांची नावं सांगितली. त्यात एकेकाळची त्याची सेक्रेटरी आणि प्रेयसीसुद्धा होती. वर्तमानपत्रांनी पाठ थोपटली, स्टुडिओंनी कामं दिली.

आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत, ३५ वर्षं, हा माणूस संधी मिळेल तिथे स्वतःला खबऱ्या म्हणत राहिला. १९६३ च्या 'वाँडरर' या आत्मचरित्रात त्याने स्वतःची जी सालटी काढली आहेत ती वाचवत नाहीत. ज्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला बोलायला तयार केलं त्याच्यावर राग आहेच, पण त्याच्या आड तो लपत नाही.

माझं म्हणणं असं की हेडन नट म्हणून मोठा झाला तो यानंतर. १९५१ पूर्वीचा एकच खरा अपवाद, त्याच्याकडे शेवटी येतो. नायक म्हणून तो लाकडीच होता. पण हरलेला, स्वतःच्या नजरेतून उतरलेला, आतून कुजत चाललेला आणि तरी सहा फूट पाच इंच ताठ उभा राहिलेला माणूस त्याच्यासारखा कुणी उभा केला नाही. कुब्रिकच्या 'द किलिंग'मधला (१९५६) दरोड्याचा सूत्रधार जॉनी क्ले, 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मधला (१९६४) माथेफिरू जनरल, ऑल्टमनच्या 'द लाँग गुडबाय'मधला (१९७३) दारूत बुडालेला लेखक रॉजर वेड. बर्तोलुच्चीच्या '१९००' मध्ये (१९७६) तर तो लाल झेंड्याखाली येणाऱ्या शेतमजुरांच्या कुटुंबाचा म्हातारा कर्ता आहे. बर्तोलुच्चीला इतिहास ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आता तो अपवाद. 'द ॲस्फाल्ट जंगल' (१९५०), दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. हेडनने उभा केलेला डिक्स हँडली हा किरकोळ गुंड, घोड्यांच्या शर्यतींच्या नादाने कर्जबाजारी, एकच स्वप्न, केंटकीतली बापाची गेलेली घोडशेती परत घ्यायची. दागिन्यांच्या दुकानावर दरोडा घालणारी टोळी, योजना चोख, आणि सगळं कोसळतं. कारण टोळीतल्या कॉबीला पोलीस थपडा मारतो आणि तो रडत सगळी नावं सांगून टाकतो. कॉबीचं काम करणारा मार्क लॉरेन्स पुढच्याच वर्षी, हेडननंतर काही दिवसांत, त्याच समितीपुढे बसला आणि त्यानेही नावं सांगितली. टोळीचा मेंदू असलेला 'डॉक' करणारा सॅम जॅफे, ज्याला या भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं, तो काळ्या यादीत गेला (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून स्टुडिओंनी काम द्यायचं बंद केलेल्यांची यादी). पटकथाकार बेन मॅडो काळ्या यादीत गेला. ह्यूस्टन देश सोडून आयर्लंडला गेला. एका चित्रपटाच्या संचात सगळे नमुने. चित्रपट काढणाऱ्या एमजीएम कंपनीच्या प्रमुखाला, लुई मेयरला, हा चित्रपट अजिबात आवडला नव्हता, सगळी ओंगळ माणसं भरलीत म्हणायचा.

बाकी प्रतिसादांत बोलू.

खवचट

लेख उत्तम, माहिती भरपूर, पण सूर पटला नाही.

ज्यांची नावं सांगितली त्यांची कामं गेली. ज्याने सांगितली त्याला १९५१ ते १९५८ रग्गड चित्रपट मिळाले. मग त्याने पुस्तक लिहून 'मी किती नीच' असं सांगितलं आणि आपण त्याला मोठा माणूस म्हणायचं? पश्चात्तापाला पैसे पडत नाहीत. उलट पुस्तकाची रॉयल्टी मिळते.

जॉन गारफिल्ड आठवतो का कुणाला? हेडननंतर दोनच आठवड्यांनी तोही समितीपुढे बसला. तो तर पक्षाचा सभासदही नव्हता. नावं सांगितली नाहीत. कामं बंद. १९५२ च्या मे महिन्यात हृदयविकाराने गेला, वय ३९. त्याच्यावर धागा काढा की.

चौथी रांग

@खवचट, गारफिल्डवर तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा.

पण लॅरी पार्क्सचं उदाहरण मधे ठेवून बघा. 'जोल्सन स्टोरी'चा नायक, त्या वेळचा मोठा तारा. हेडनच्या तीन आठवडे आधी, २१ मार्च १९५१ ला तो समितीपुढे गेला. स्वतःबद्दल सगळं सांगतो, पण दुसऱ्यांची नावं घ्यायला लावू नका, चिखलात रांगायला लावू नका, असं गयावया केलं. शेवटी बंद दाराआड नावं घ्यावीच लागली, आणि तरीही कारकीर्द संपली. म्हणजे ना इज्जत राहिली ना काम. हेडनने हे वाचलेलं होतं. मी त्याला निर्दोष म्हणत नाही. मी म्हणतो तो स्वतः काय म्हणाला ते ऐका. त्याने 'परिस्थिती तशी होती' हे पांघरूण घेतलं नाही. दिग्दर्शक इलिया कझानने १९५२ मध्ये नावं सांगितली आणि लगेच वर्तमानपत्रात जाहिरात देऊन समर्थन केलं, आयुष्यभर तेच धरून बसला. १९९९ मध्ये त्याला मानद ऑस्कर दिलं तेव्हा निम्मं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि एड हॅरिस, निक नोल्टी हाताची घडी घालून बसलेत, हे चित्र आठवत असेल.

खवचट

आठवतं. मीही बसूनच राहिलो असतो.

सुमेधा_के

'जॉनी गिटार' (१९५४) कसा काय सुटला? या सगळ्या प्रकरणाचा कळस तिथे आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: निकोलस रे दिग्दर्शक, रिपब्लिकसारखी स्वस्तातली कंपनी, ॲरिझोनातल्या सेडोनाचे लालभडक डोंगर, त्याहून भडक रंग. जोन क्रॉफर्ड दारूचा गुत्ता चालवते, मर्सिडीझ मॅकेंब्रिज गावाला चिथावून तिला फासावर द्यायला निघते. दोन बायकांचा वेस्टर्न, पुरुष नुसते आजूबाजूला. शीर्षकात हेडनचं पात्र आहे, पण चित्रपट त्याचा नाही, आणि तो हे इतक्या समजुतीने घेतो की बघत राहावं.

त्यात एक प्रसंग आहे. जमाव एका जखमी पोराला पकडतो. त्या बाईचं नाव घे, मग तुला सोडतो. पोरगं घाबरून नाव घेतं, आणि तरीही त्याला लटकवतात. १९५४ साली अमेरिकेत हा प्रसंग कशाबद्दल आहे हे शेंबडं पोरही सांगेल. आणि कलाकारांत एकीकडे नाव सांगून आलेला हेडन, दुसरीकडे त्या जमावात वॉर्ड बाँड! हा बाँड प्रत्यक्षात हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टविरोधी संघटनेचा अध्यक्ष राहिलेला, कुणाला काम मिळावं आणि कुणाला मिळू नये यात त्याचा शब्द चालायचा. जमावाचा पुढारी जमावाच्या पुढाऱ्याचंच काम करतोय. कुणाच्या लक्षात आलं होतं की नाही देव जाणे.

जाता जाता, सेटवर क्रॉफर्डबाईंनी सगळ्यांना सळो की पळो केलं होतं. हेडन नंतर म्हणाला होता की तिच्याबरोबर आणखी एक चित्रपट करायला लावतील इतके पैसे हॉलिवूडमध्ये नाहीत, आणि मला पैसे आवडतात.

तांडेल

मी मर्चंट नेव्हीत होतो, आता रत्नागिरीत घरी. सिनेमातलं मला कळत नाही, पण जहाजाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ते कुणी लिहिणार नाही.

हेडनचं 'वाँडरर' जहाज, ज्याचं नाव आत्मचरित्राला दिलं, म्हणजे मुळात 'ग्रेसी एस.', १८९३ साली बांधलेली सॅन फ्रान्सिस्कोची पायलट स्कूनर. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. बंदरात शिरणाऱ्या जहाजावर चढून त्याला आत आणणारा स्थानिक वाटाड्या. मुंबई बंदरातही तीच पद्धत. फरक एवढाच की तिथे बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि बाहेर खुला पॅसिफिक. पायलट मंडळींना कुठल्याही हवेत तिथे दिवसेंदिवस वाट बघत थांबावं लागायचं. त्यामुळे ही जहाजं मजबूत आणि चपळ दोन्ही बांधत. हेडनने १९५० च्या दशकात तीच विकत घेतली, तेव्हा तिचं वय साठ उलटलेलं. शंभर फुटांच्या आतबाहेर लाकडी जहाज, तेही साठ वर्षांचं, म्हणजे रोज पंप मारायची तयारी ठेवा.

ज्यांनी फक्त इंजिनवर काम केलंय त्यांना कळणार नाही, पण कॅलिफोर्नियाहून ताहिती हा शिडावर सोपा रस्ता नाही. आधी ईशान्येचा व्यापारी वारा पाठीशी मिळतो, मजेत जाता. मग विषुववृत्ताच्या आसपास वारा पडतो. दिवसचे दिवस शीड लटकलेलं, उकाडा, मधेच वादळी सर, परत शांत. पाणी मोजून प्यायचं. तो पट्टा ओलांडला की आग्नेयेचा वारा. तेव्हा उपग्रह नव्हते. सेक्स्टंटने (उंचीचा कोन मोजायचं यंत्र) सूर्य धरायचा, क्रोनोमीटर (अचूक घड्याळ) बघायचा, तक्त्यातून गणित करायचं. ढग असले की अंदाजाने. हे सगळं तो १९३८ मध्ये जहाज घेऊन गेला तेव्हाच करत होता. नट म्हणून त्याला कुणी काही म्हणा, दर्यावर्दी अस्सल होता.

१९५९ ची हकीकत धाग्यात नाही. ती तुम्ही लिहा, मला त्यातलं कोर्टाचं प्रकरण नीट मांडता येणार नाही.

चौथी रांग

तांडेलकाका, या प्रतिसादासाठी तरी धागा काढला ते बरं झालं.

१९५९: दुसऱ्या बायकोशी घटस्फोट झालेला, चार मुलांचा ताबा हेडनकडे. मुलांना घेऊन दक्षिण समुद्रात जायचं त्याने ठरवलं. आईने हरकत घेतली. लॉस अँजेलिसच्या न्यायाधीशांनी मनाई केली, जुनं जहाज, मुलं लहान, धोका आहे. जानेवारी १९५९ मध्ये हेडन सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटोहून 'वाँडरर'वर मुलांना आणि खलाशांना घेऊन सरळ ताहितीच्या दिशेने चालता झाला. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी. खलाशांत बरेचसे हौशी होते. सुखरूप पोचले. परत आल्यावर कोर्टाच्या अवमानाचा खटला चालला, पण तुरुंगात काही जावं लागलं नाही. आत्मचरित्राचा कणा हीच सफर आहे, आणि तिच्या मधेमधे बालपण, युद्ध, पक्ष, साक्ष असं मागे जात राहतं.

आईसाहेब_नाशिक

सगळ्यांना ही सफर फार रोमँटिक वाटतेय. मला नाही वाटत.

चार मुलं आहेत, सगळी शाळकरी. त्यांची आई किनाऱ्यावर आहे आणि तिला वर्तमानपत्रातून कळतंय की पोरं पॅसिफिकमध्ये आहेत. कोर्टाने दिलेला हुकूम मोडून. हेच एखाद्या बाईने केलं असतं तर तिला कुणी स्वच्छंदी दर्यावर्दी म्हटलं असतं का? १९५१ मध्ये संसार आणि मुलांसाठी तोंड उघडलं म्हणायचं, आणि १९५९ मध्ये त्याच मुलांना साठीपार गेलेल्या लाकडी होडीत घालायचं. मला यात एकच माणूस दिसतो, ज्याला त्या क्षणी जे करावंसं वाटतं ते तो करतो आणि नंतर सुंदर भाषेत पस्तावतो.

खवचट यांच्याशी पहिल्यांदाच सहमत.

खवचट

तारीख लिहून ठेवतो.

तांडेल

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी जहाजाचं कौतुक केलं. माझी मुलं मी त्या जहाजावर नेली नसती.

बे एरियातला बाब्या

सॉसलिटो आमच्याकडून गोल्डन गेट ओलांडला की लगेच. पाहुणे आले की सगळे तिथे नेतात, आइस्क्रीम, फोटो आणि परत. आता तिथल्या घरांच्या किमती बघता खलाशी सोडा, संगणकवाल्यांनाही परवडत नाही. पण हेडनच्या काळात ते बोटी बांधणाऱ्या, चित्रकार, कवी, फटिंग लोकांचं गाव होतं. युद्धात तिथे जहाजबांधणीचा मोठा कारखाना होता, तो बंद झाल्यावर उरलेल्या सांगाड्यांवर लोक राहायला लागले. तिथे धक्क्याला 'बर्कली' नावाची जुनी वाफेवरची फेरीबोट लावलेली होती. तिची सुकाणूखोली हेडनने भाड्याने घेतली होती आणि लिखाण तिथे बसून केलं.

ती बोट आजही आहे. सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात. १८९८ ची, १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोतून लोकांना पलीकडे नेलेली. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. आतली लाकडी बाकं, रंगीत काचा, फार सुंदर आहे. मला तेव्हा हेडनचं माहीत नव्हतं, नाहीतर वर जाऊन जास्त वेळ थांबलो असतो. मुलांना शेजारच्या पाणबुडीत रस होता.

'वाँडरर'चं काय झालं शोधलं. १९६४ मध्ये ताहितीच्या ईशान्येला असलेल्या रांगिरोआ बेटाच्या प्रवाळाच्या कड्यावर आपटून बुडालं.

जुनी डायरी

'स्ट्रेंजलव्ह'बद्दल एकाच ओळीत आटपलंत, हा अन्याय आहे.

१९५८ नंतर हेडन हॉलिवूडच्या चित्रपटांतून जवळजवळ गायब होता. कुब्रिकने त्याला इंग्लंडला बोलावलं, शेपर्टन स्टुडिओत. भूमिका जनरल जॅक डी. रिपर. कम्युनिस्टांनी पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालून अमेरिकनांचे शरीररस नासवायचा कट केला आहे, अशी या जनरलची खात्री, म्हणून तो परस्पर रशियावर अणुहल्ल्याचा हुकूम देतो. आज हास्यास्पद वाटेल, पण त्या काळात अमेरिकेत असं खरंच मानणारे लोक होते, संघटना होत्या.

पहिल्या दिवशी हेडनला संवाद आठवेनात. घाम फुटला. टेकवर टेक. हे त्यानेच नंतर सांगितलंय. त्याने कुब्रिकची माफी मागितली, तर कुब्रिक शांतपणे म्हणाला की तुझ्या चेहऱ्यावरची ही भीतीच कदाचित आपल्याला उपयोगी पडेल. आता ते दृश्य पुन्हा बघा. कॅमेरा हनुवटीखालून वर, तोंडात भलामोठा सिगार, आवाज अगदी संथ, समजूतदार, आणि डोळ्यांत काहीतरी सटकलेलं. समोर पीटर सेलर्स विनोद करतोय आणि हेडन एकही विनोद करत नाही. म्हणून हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. शेवटी पकडले गेलो तर छळ करून आपल्याकडून गुप्त संकेत काढून घेतील, आपण टिकू की नाही सांगता येत नाही, असं तो बोलतो. छळाखाली आपण बोलून जाऊ ही भीती! ते वाक्य हेडनच्या तोंडी ऐकताना बाकी सगळं विसरायला होतं.

सुमेधा_के

हे कधी जाणवलं नव्हतं. आज रात्री परत बघणार.

नवखा_प्रेक्षक

मी यातला एकही पाहिलेला नाही ('गॉडफादर' सोडून). कुठून सुरुवात करू? कृष्णधवल चालेल, पण फार संथ नको.

चौथी रांग

'द किलिंग'. ८५ मिनिटं, एक क्षण फुकट नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर २० लाख डॉलरचा दरोडा. तीच वेळ वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने पुन्हा पुन्हा दाखवत कथा पुढेमागे जाते. इथेही योजना फिसकटते ती एकाने बायकोपुढे तोंड उघडल्यामुळे. (शेवट सांगत नाही, पण पाहिलेल्यांनी सुटकेस आठवावी.) शेवटच्या मिनिटात पळून जायची संधी असताना हेडन जो एक वाक्याचा खांदा उडवतो, त्यासाठी मी त्याला सगळे लाकडी वेस्टर्न माफ केलेत.

मग 'ॲस्फाल्ट जंगल'. त्यात मॅरिलिन मन्रो छोट्या भूमिकेत आहे, आजचे पोस्टर बघून ती नायिका आहे असं समजू नका. मग 'लाँग गुडबाय'. तो तरुण वयात पाहू नये असं माझं मत आहे, पण ऐकणार कोण. ती भूमिका आधी डॅन ब्लॉकरला दिली होती, तो १९७२ मध्ये अचानक गेला म्हणून हेडनकडे आली. समुद्रकाठचं ते घर ऑल्टमनचं स्वतःचं. एलियट गूल्डबरोबरच्या प्रसंगांत हेडनने बरंचसं मनाचंच बोललंय. दारू, न लिहिता येणं, स्वतःच्या अवाढव्य देहाचं ओझं, हे त्याला वेगळं करावं लागलं नसणार. खऱ्या आयुष्यातही त्या काळात दारू जोरात होती. १९८३ मध्ये दोघा जर्मनांनी त्याच्यावर माहितीपट केला. फ्रान्समध्ये बेझाँसाँला एका बार्जवर तो राहत होता, लांब पांढरी दाढी, दिवसभर दारू आणि चरस, आणि तासन् तास बोलतोय. साक्षीचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. १९७६ मध्ये त्याची भलीमोठी कादंबरीही आली होती, अर्थात जहाजावरची. २३ मे १९८६ ला सॉसलिटोत कर्करोगाने गेला, सत्तर वर्षांचा होऊन.

आणि @खवचट, खास तुमच्यासाठी एक: 'टेरर इन अ टेक्सस टाउन' (१९५८). दिग्दर्शक जोसेफ लुईस. पटकथा डाल्टन ट्रंबोची, तुरुंगात गेलेल्या त्या दहांपैकी एक. काळ्या यादीत असल्याने पडद्यावर दुसऱ्याचं नाव. खलनायक नेड्रिक यंग, तोही काळ्या यादीतला. आणि नायक, नावं सांगणारा हेडन. त्यांच्यात सेटवर काय बोलणं झालं असेल याची मला भयंकर उत्सुकता आहे. कथा अशी की सगळं गाव जमीनदाराच्या भीतीने गप्प आहे, आणि एक मेक्सिकन शेतकरी जिवाची पर्वा न करता खरं बोलायचं ठरवतो. ट्रंबोने ते कुणाला उद्देशून लिहिलं असेल ते तुम्हीच ठरवा. हेडन यात स्वीडिश खलाशी आहे, उच्चार कानाला टोचतात, पण शेवटचं द्वंद्व पिस्तूल विरुद्ध व्हेलच्या शिकारीचा हार्पून असं आहे.

तांडेल

हार्पून किती अंतरावरून फेकला आहे त्यावर अवलंबून आहे. पिस्तूलवाल्यासमोर जास्तीत जास्त तीन-चार वाव (एक वाव म्हणजे सहा फूट). त्याच्यापुढे विश्वास ठेवू नका.

आईसाहेब_नाशिक

हा बघायला हवा. शनिवारी रात्री साडेनऊला सगळ्यांनी आपापल्या घरी लावायचा आणि इथे लिहीत जायचं का? भारतीय वेळ. बाब्या, तुमची सकाळ असेल.

बे एरियातला बाब्या

चालेल, पोहे करून बसतो.

खवचट

मी पण येतो. टाळ्या मात्र वाजवणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.